पाठभेदांची नोंदवही

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभ होऊन १९६६ साली तडीस गेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा विषय निघाला, की तिच्यासाठी उपयोगात आणलेली १,२५९ हस्तलिखिते आणि तिच्यातील ८९,००० हून अधिक श्लोक यांचा उल्लेख आपण आदराने करतो. परंतु हे काम प्रत्यक्ष कागदावर कसे होत असे याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते त्या कार्याचे खरे मर्म तेथेच आहे. उभ्याआडव्या रेघांनी चौकटी आखलेल्या फुलस्कॅप कागदावर प्रचलित पाठ एकेका अक्षरास एकेक चौकट देऊन वरच्या ओळीत लिहावयाचा, त्याखाली प्रत्येक पोथीसाठी ओळ राखावयाची, आणि त्या पोथीत जेथे अक्षर बदलले असेल तेथे नेमके त्याच अक्षराखालच्या चौकटीत ते बदललेले अक्षर नोंदावयाचे. उजवीकडे शेऱ्यांसाठी एक रुंद रकाना, त्यात कोणी समासात काय वाढवले, कोणी काय खोडले, याचा दाखला. बंगाली पोथ्या शांतिनिकेतनात ताडून पाहिल्या गेल्या आणि दाक्षिणात्य लिप्यांतील अनेक पोथ्या तंजावरास. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांचे हे काम पुण्यात एकत्र येई, कारण कागदाची आखणी सर्वत्र एकच होती. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी जी पद्धत घालून दिली तिच्याप्रमाणे स्वीकृत पाठ पानाच्या वरच्या भागात छापला जाई, नाकारलेले सर्व पाठ कोणत्या पोथीतले ते सांगणाऱ्या खुणांसह तळाशी येत, आणि जेथे संपादकाची स्वतःचीच खात्री पुरेशी नसे तेथे शब्दाखाली एक नागमोडी रेघ काढली जाई. संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नसेल त्याला त्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यास लागणारे सर्व कागदपत्र त्याच पानावर हजर असत.

या कागदांची आठवण मला झाली ती एका अगदी निराळ्या ठिकाणी. मुक्त स्वरूपाच्या एका संगणक-आज्ञावलीत कोणीतरी दुरुस्ती सुचवली होती, आणि ती पडद्यावर दिसत होती ती अशी: जुनी ओळ, तिच्यामागे वजाबाकीचे चिन्ह, तिच्याखाली नवी ओळ, तिच्यामागे बेरजेचे चिन्ह, वर दुरुस्ती करणाराचे नाव, तारीख, वेळ, आणि ही दुरुस्ती का करावी लागली याविषयी चारपाच वाक्यांचा खुलासा, खाली तीन निरनिराळ्या देशांतील माणसांनी घेतलेल्या हरकती आणि त्यांना दिलेली उत्तरे. चौकटीच्या कागदाचेच हे रूप आहे असे त्या क्षणी वाटले, आणि पुढे जसजसा अधिक विचार करू लागलो तसतसे ते साम्य वरवरचे नाही अशी खात्री होत गेली. ज्यांची परस्परांशी ओळख नाही, ज्यांच्यावर एका मालकाची सत्ता नाही, ज्यांतील बहुतेकांना त्या कामाचा मुशाहिरा त्या कामाकडून मिळत नाही, अशी सहस्रावधी माणसे मिळून एकच ग्रंथ लिहितात आणि तो बिघडत नाही, हे कशामुळे शक्य होते, या प्रश्नाचे उत्तर लोक त्यांच्या औदार्यात शोधतात. औदार्य तेथे आहेच. पण ते काम तोलून धरते ती नोंद, असे माझे मत आहे.

संगणकाची आज्ञावली ही प्रथमतः माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली संहिता असते, आणि यंत्राला ती समजावी म्हणून तिचे यंत्रभाषेत रूपांतर केले जाते. विकत मिळणाऱ्या बहुतेक आज्ञावलींत ग्राहकाच्या हाती येते ते हे रूपांतर. मूळ संहिता कंपनीच्या दप्तरी बंद राहते, आणि त्यामुळे आपल्याच यंत्रात काय चालले आहे हे पाहण्याची, तेथे चूक असल्यास सुधारण्याची मुभा ग्राहकाला उरत नाही. ही स्थिती अन्याय्य आहे असे मानणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन आज्ञावलीकाराने १९८३ साली ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८९ साली एक परवाना सिद्ध केला, ज्याला आपल्या जुन्या भाषेत सनद म्हणावे इतका तो विचारपूर्वक लिहिलेला आहे. या सनदेने आज्ञावली वापरण्याचा, तिची संहिता वाचण्याचा, ती बदलण्याचा आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्यास देण्याचा अधिकार प्रत्येकास मिळतो. अट एवढीच, की पुढे देताना हेच अधिकार पुढच्यालाही दिले पाहिजेत. लेखनहक्काचा कायदा, जो सामान्यतः इतरांना मज्जाव करण्यासाठी वापरला जातो, तोच येथे कोणालाही मज्जाव करता येऊ नये यासाठी योजला आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टात जाहीर केलेला लिनक्स हा संगणक-प्रणालीचा गाभा पुढच्याच वर्षी या सनदेखाली आला. आणि ‘ओपन सोर्स’ हे नाव, जे आज सर्वांच्या तोंडी आहे, ते १९९८ साली रूढ झाले. सर्वच मुक्त परवाने ही अट घालत नाहीत. काही त्याहून सैल आहेत, आणि त्यांवरून या मंडळींत मोठे वाद आहेत, त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही.

मात्र या सनदेतून निघणारा एक हक्क सांगितलाच पाहिजे, आणि तो म्हणजे वेगळे होण्याचा. कारभाऱ्यांचा कारभार पटेनासा झाला तर कोणीही संपूर्ण संहिता उचलून आपला निराळा संसार थाटू शकतो. ‘ओपन ऑफिस’ या कचेरीकामाच्या आज्ञावलीवर काम करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी २०१० च्या सप्टेंबरात तेच केले, आणि ‘लिब्रे ऑफिस’ जन्मास आले. असे विभाजन क्वचितच होते, कारण त्यात दोन्ही बाजूंची शक्ती खर्च होते. तथापि ते होऊ शकते या जाणिवेने कारभारी सावध राहतात, हा त्या हक्काचा रोजचा उपयोग.

पुण्यात या कामाला मूळ धरण्यास अनुकूल भूमी होती. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संगणक-अभ्यास संस्थेत लिनक्स वापरणाऱ्यांच्या स्थानिक मंडळाच्या बैठका भरत, त्याच संस्थेचे विद्यार्थी ‘ग्नूनिफाय’ हा मेळावा भरवीत. शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात २०११ च्या नोव्हेंबरात, आणि कोथरूडच्या एमआयटीत २०१५ च्या जूनमध्ये, ‘फेडोरा’ या लिनक्स-प्रणालीच्या जगभरच्या कार्यकर्त्यांची संमेलने झाली. मगरपट्ट्यात ‘रेड हॅट’ या कंपनीची मोठी कचेरी आहे, आणि तेथील अनेकांचे पगारी काम हे मुक्त संहितेवरच चालते. हे मुद्दाम सांगतो, कारण मुक्त आज्ञावली म्हणजे रात्री जागून फुकट केलेले काम अशी जी समजूत आहे ती अर्धीच खरी आहे. तिचे लेखक पगारी असोत वा हौशी, ज्या नोंदवहीत त्यांची दुरुस्ती दाखल होते ती सर्वांस एकच असते, आणि तेथे पगाराचा आकडा कोणी विचारीत नाही.

ही दाखल होण्याची रीत कशी आहे हे एका उदाहरणाने सांगितले तर बरे, आणि ते उदाहरण पुण्याचेच आहे. ‘पोस्टग्रेस’ ही माहितीसाठा सांभाळणारी आज्ञावली १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झाली आणि १९९६ पासून स्वयंसेवी मंडळींच्या हाती आहे. तिची एक रीत तलाठ्याच्या दप्तराची उपमा देऊन सांगता येईल. समजा, खातेपुस्तकातील कोणतीही नोंद खोडावयाची नाही, बदल झाला तर नवी नोंद लिहावयाची, आणि जुनी नोंद पाहणारे सर्वजण निघून गेल्यावर मगच ती काढून टाकावयाची, असा शिरस्ता आहे. यामुळे एकाच वेळी अनेकांना बिनहरकत काम करता येते. परंतु या पुस्तकास नावाची सूची, गावाची सूची, गट क्रमांकाची सूची अशा चारपाच सूची जोडलेल्या असल्या, तर खातेदाराची केवळ थकबाकी बदलली तरी नवी नोंद झाल्याबरोबर या सर्व सूचींत नवा पान-क्रमांक भरावा लागतो, आणि जुन्या नोंदींचा व जुन्या सूचींचा केर साचत जातो. पुण्यात राहून या आज्ञावलीवर काम करणाऱ्या पवन देवलसी यांनी २००७ साली जो तोडगा मांडला त्याचे सार असे, की सूचीत असलेले काहीच बदलले नसेल आणि त्याच पानावर जागा शिल्लक असेल, तर सूचीस हात न लावता जुन्या नोंदीपाशीच नव्या नोंदीकडे बोट दाखवणारी खूण करावी. सूची जुन्या जागी नेईल, आणि तेथून ती खूण नव्या जागी. शिवाय अशा मेलेल्या नोंदी पान उघडले असताना जाता जाताच झाडून काढता याव्यात. ‘हॉट’ या संक्षिप्त नावाने ही युक्ती ओळखली जाते.

ऐकताना ही गोष्ट सोपी वाटते, पण सहस्रावधी माणसे एकाच क्षणी तेच पान वाचत-लिहीत असताना तिच्यात एकही नोंद हरवू नये, हे सिद्ध करणे महाकर्मकठीण. मसुदा पुढे आल्यावर महिनेच्या महिने त्यावर खल चालला. इंग्लंड-अमेरिकेतील जाणकारांनी त्यातील उणिवा दाखवल्या, काही भाग गळाले, काही नव्याने लिहिले गेले, मसुद्यामागून मसुदा आला. या प्रकल्पात संहितेवर शिक्कामोर्तब करण्याचा अधिकार मोजक्याच व्यक्तींस आहे, आणि तो पुष्कळ वर्षे चांगले काम करूनच मिळतो. त्यांच्यातील ज्येष्ठ अशा टॉम लेन यांनी अखेरची तपासणी व फेरफार करून २००७ च्या सप्टेंबरात ते काम मूळ संहितेत दाखल केले, आणि २००८ च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीत ते जगापुढे आले. त्या आवृत्तीच्या निवेदनात या युक्तीपुढे देवलसींचे नाव आहे, आणि त्याला जोडूनच, यात इतर पुष्कळांच्या कल्पना आहेत अशी कबुली आहे. श्रेयाचे एवढे प्रामाणिक वाटप मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

नोंदवहीचे हे काम आज बहुधा ‘गिट’ या साधनाने चालते, जे टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली लिनक्सच्या गरजेसाठी लिहिले. त्याची घडण अशी, की प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक मुद्रा मिळते, आणि त्या मजकुरात आधीच्या नोंदीची मुद्राही समाविष्ट असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत कोणी गुपचूप एक स्वल्पविराम बदलला तरी त्यानंतरच्या सर्व मुद्रा बदलतात आणि खाडाखोड उघडकीस येते. शिवाय संपूर्ण वही काम करणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रात असते. एखादे कार्यालय जळाले म्हणून दप्तर नष्ट होत नाही.

या व्यवस्थेस कोठे तडा जातो हे २०२४ च्या मार्चअखेर दिसून आले, आणि ती हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. ‘एक्सझेड’ नावाची, फायलींचा आकार लहान करणारी एक छोटी आज्ञावली अक्षरशः सर्वत्र वापरली जाते, आणि तिचा भार वर्षानुवर्षे एकाच थकलेल्या माणसाच्या शिरावर होता. जिया टॅन हे नाव धारण करणाऱ्या कोणी एकाने दोन वर्षांहून अधिक काळ चांगल्या दुरुस्त्या पाठवून त्याचा विश्वास संपादन केला, कारभारात वाटा मिळवला, आणि मग दूरस्थ यंत्रात चोरवाटेने शिरता येईल अशी योजना तिच्यात पेरली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास, जो योगायोगाने त्याच पोस्टग्रेसचा एक शिक्कामोर्तब-अधिकारी आहे, आपल्या यंत्रात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब होतो असे जाणवले, तो त्या विलंबाच्या मागे लागला, आणि २९ मार्चला त्याने सर्वांस सावध केले; फेडोरा व डेबियन या लिनक्स-प्रणालींच्या चाचणीच्या आवृत्तींपलीकडे तो उपद्रव फारसा पोचला नव्हता. यातील विचार करण्यासारखी गोष्ट ही, की त्या पेरणीस जागे करणारा नेमका तुकडा सार्वजनिक नोंदवहीत नव्हताच; लोकांना देण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा तो घातलेला होता. चोराला वहीची भीती होती, म्हणून त्याने वही आणि प्रत यांमधली फट शोधली. आणि ज्या थकव्याचा त्याने फायदा घेतला, तो कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. ज्यांच्या मोफत श्रमावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या आहेत अशा एकाकी माणसांची तजवीज कोणी करावयाची, हा प्रश्न तेव्हापासून अधिक मोठ्याने विचारला जात आहे, आणि तो तसाच विचारला गेला पाहिजे.

आता मराठीकडे वळतो, कारण ज्या कामात पुण्याचा वाटा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो ते हेच. संगणकावर मराठी नीट उमटावी यासाठी काय काय करावे लागले, याची कल्पना आज सहज टंकलेखन करणाऱ्यास येणे कठीण आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांतील भेद घ्या: पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी, आणि दोहोंमधले अंतर केवळ र कसा जोडला यात आहे. डोक्यावरचा रफार आणि पापणीसारखा आडवा वळणारा अर्धा र हा भेद हिंदीस लागत नाही, म्हणून देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून चालणाऱ्या टंकांत तो विसरला जाणे स्वाभाविक होते. युनिकोड या जागतिक अक्षरकोशात नुक्त्याचा ‘ऱ’ द्राविडी वर्णाच्या लिप्यंतरासाठी म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याच्याच अर्ध्या रूपावर मराठीच्या दऱ्याखोऱ्यांची सोय लावलेली आहे. ‘ॲ’ हे अक्षर, ज्यावाचून ‘ॲप’ हा शब्दही धड लिहिता येत नाही, त्यास स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेविषयीचा निर्णय काढला तो त्यानंतर, ६ नोव्हेंबर २००९ रोजी. पण कोशात स्थान मिळाले म्हणजे अक्षर पडद्यावर दिसू लागते असे नव्हे. प्रत्येक टंकात ते चितारावे लागते, कळफलकावर त्यास कळ द्यावी लागते, अक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीत त्याचा नियम घालावा लागतो; आणि ही तिन्ही कामे निरनिराळ्या मंडळींच्या निरनिराळ्या वह्यांत चालतात.

रेड हॅटने प्रसृत केलेले ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक या दृष्टीने महत्त्वाचे होत. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावातील तांबड्या टोपीचा रंग असा संस्कृतात उतरला आहे. प्रथम ग्नूच्या सनदेखाली आणि २०११ पासून खास टंकांसाठी असलेल्या मुक्त परवान्याखाली ते उपलब्ध असल्याने, पाकळीयुक्त ल हवा की देठयुक्त, श चे वळण मराठीचे हवे की हिंदीचे, ही तक्रार कोणासही दाखल करता येई, आणि चित्र व नियम दोन्ही उघडे असल्याने उपायही सुचवता येई. आज असे टंक करता येतात की मजकूर मराठी आहे असे सांगितले तर त्याच संकेतांकास मराठी वळण मिळते आणि हिंदी आहे असे सांगितले तर हिंदी. मुंबईत ‘इंडिकट्रान्स’ मंडळींनी केलेला ‘गार्गी’ हा टंकही याच परंपरेतला, आणि त्याचे ऋण मराठीने विसरू नये.

अक्षरानंतर शब्द. आज्ञावलीतील प्रत्येक इंग्रजी वाक्य अनुवादासाठी एका फायलीत ओळीने मांडलेले असते: वर मूळ वाक्य, खाली अनुवादाची रिकामी जागा. काम सोपे दिसते. पण ‘फाइल’ला फाइल म्हणावे, धारिका म्हणावे की संचिका, यावर चार मराठी माणसांची पाच मते असतात, आणि एकाच पडद्यावर तीन आज्ञावली तीन शब्द वापरू लागल्या तर वापरणारा गोंधळतो. यासाठी पुण्यातील रेड हॅटच्या भाषा-कार्यकर्त्यांतून २००८ साली ‘फ्यूएल’ हा उपक्रम निघाला: वारंवार येणाऱ्या काही शे संज्ञा घ्यावयाच्या, प्रत्येक भाषेची माणसे एकत्र बसवावयाची, आणि संज्ञेमागून संज्ञा वाद घालून ठराव करावयाचा. आरंभ हिंदीने झाला, मराठी त्यामागून आली. २०१२ च्या नोव्हेंबरात विकिमीडिया आणि रेड हॅट यांनी पुण्यात भाषाविषयक कार्यकर्त्यांची जी परिषद भरवली तिच्यातही टंक, कळफलक, संज्ञा हेच विषय होते.

आणि शब्द ठरले तरी व्याकरण उरतेच. ‘अमुक नष्ट केले’ असे वाक्य इंग्रजीत एकदाच लिहून अमुकच्या जागी हवे ते नाव घालता येते. मराठीत फाइल नष्ट केली, फोल्डर नष्ट केला, चित्र नष्ट केले, अशी क्रियापदे नामाच्या लिंगाप्रमाणे फिरतात, आणि रिकाम्या जागेत कोणते नाम येणार हे अनुवादकाला ठाऊक नसते. येथे अनुवादकापुढे दोन मार्ग असतात. एक, ‘नष्ट करण्यात आले’ अशा कोठेही न शोभणाऱ्या वाक्याने वेळ मारून न्यावयाची. दुसरा, मूळ आज्ञावलीकारास पत्र लिहून सांगावयाचे, की आपले हे एक वाक्य कृपा करून तीन वाक्यांत फोडा, कारण आमची भाषा असे मागते. दुसरा मार्ग लांबचा आहे, त्यात महिने जातात, आणि पुष्कळदा नकार येतो. पण जेव्हा होकार येतो तेव्हा मराठीच्या व्याकरणासाठी केलेला तो बदल मूळ संहितेतच दाखल होतो, आणि लिंगभेद मानणाऱ्या हिंदी, गुजराती, रशियन अशा सर्व भाषांना तो आपोआप उपयोगी पडतो. एका मराठी क्रियापदाच्या अडचणीतून दूर देशीच्या अनोळखी माणसाचे वाक्य शुद्ध व्हावे, ही मला या सर्व उद्योगातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अनुवादाच्या त्या प्रत्येक फायलीच्या माथ्यावर शेवटचा हात कोणाचा फिरला हे सांगणारी एक ओळ असते, आणि ज्या अनुवादाबद्दल खात्री नाही त्यावर संशयाची खूण करता येते. अशी खूण असलेला अनुवाद पडद्यावर येत नाही, तो तपासणाराची वाट पाहत तेथेच थांबतो. सुकथनकरांच्या पानावरची नागमोडी रेघ ती हीच. आणि जेथे कोणीच काही लिहिलेले नाही तेथे आज्ञावली अडून राहत नाही. मूळ इंग्रजी वाक्य तसेच दाखवते. म्हणून मराठी केलेल्या मेनूत मधेच एखादी इंग्रजी ओळ दिसते. ती जागा अजून रिकामी आहे, एवढाच तिचा अर्थ. त्या फायलीत तिच्याखालची ओळ कोरी असते, आणि फाइल उघडीच असते.